गिरडचे दगडी नारळ

आजीच्या दागिन्यांच्या डब्यात नथ आणि गोठ यांच्याबरोबर एक राखट, गोल खडा असे. नथीला हात लावलेला तिला चाले. खड्याला मुळीच नाही. तो गिरडचा होता. त्याची कथा कथा म्हणून कशी उतरली आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तेथे जातात. टेकडीवर लहानमोठे वाटोळे खडे सापडतात. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरांनी नोंदविलेली हकिकत अशी: दोघा बंजारी व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली, आणि नारळांसकट त्यांचा सारा माल दगड झाला. ते शरण आले. बाबांनी वाळक्या पाल्यातून नवा माल उभा केला. तेव्हा ते दोघे तेथेच सेवेला राहिले. टेकडीवरची दोन थडगी त्यांचीच, असे म्हणतात.

आता पंजाबातली फरीद शकरगंजांची कथा पाहा. साखरेला मीठ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याची साखर खरोखरच मीठ होते, आणि त्याने माफी मागताच पुन्हा साखर होते. कथा गोड; पण मागे पुरावा काही उरत नाही. गिरडच्या कथाकाराची अडचण निराळी होती. दगड तर रोज पायांखाली येत! त्यांचे पुन्हा नारळ झाले म्हणावे, तर टेकडीच खोटे पाडील. म्हणून क्षमा मिळाली तरी दगड दगडच राहिले आणि माल आला पाल्यातून. ही निव्वळ सोय खरी, पण तिनेच कथेला खोली दिली आहे. केलेले पुसले जात नाही, तरी नुकसान भरून निघते. गॅझेटियरकारांनी टवाळीचे शब्द मात्र गाळले. आमच्याकडच्या सांगणाऱ्याने तेथेच तासभर रंगविला असता!

शास्त्र सांगते की हे खडे झिओलाइटचे. लाव्हारसाच्या काळ्या खडकात राहिलेल्या पोकळ्यांत ते जमले. अशाच पोकळ्यांत अकीकही होतो. गुजरातेत रतनपूरला अकीकाच्या खाणींजवळ बाबा घोर या सिद्दी संतांचे स्थान आहे, आणि अकीकाच्या एका जातीला बाबाघोरी म्हणतात. तेथे पिराचे नाव लागून दगडाचा माल झाला. येथे मालाचे दगड झाले. अकीक भाजल्यावर लाल होतो आणि अंगठीत शोभतो. झिओलाइट त्यामानाने मऊ. सोनाराला त्याचा फारसा उपयोग नाही.

नीलमाची गोष्ट याच्या अगदी उलट. तो म्हणे तीन रात्री उशाखाली ठेवून पाहावा; स्वप्न वाईट पडले तर परत करावा. येथे माणसाने काही म्हणायचे नाही, करायचे नाही. खडा ठरवील ते खरे. आमच्या आत्याचे ठरलेले लग्न अशाच एका अंगठीपायी मोडले. अंगठी घातली त्याच आठवड्यात वराचे वडील अंथरुणाला खिळले, आणि बोल आत्याला लागला. बंजाऱ्यांना बाबांचे पाय तरी धरता आले. नीलमाचे काय धरणार?

आजीने तो नीलम पवनारला जाऊन धाम नदीत सोडून दिला. गिरडचा खडा डब्यातच राहिला.