निवृत्त देव, निवृत्त नट

मराठी प्रबोधनपरंपरेतील धर्मचिकित्सेचा रोख बहुधा देवापेक्षा देवाच्या नावाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेवर राहिला आहे. पनवेलला जन्मलेल्या प्रबोधनकार ठाकरे यांच्या 'देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे' या लेखनातही प्रहार होतो तो देऊळ आणि पुरोहित यांवर. डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) यांनी ही मर्यादा ओलांडली. अब्राहम कोवूर यांच्यावरील पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी देवाची संकल्पनाच कालबाह्य ठरवली आणि 'देवाला रिटायर करा' हे त्या भूमिकेचे घोषवाक्य झाले.

या घोषवाक्यातील रूपक तपासण्याजोगे आहे. नीत्शेने १८८२ मध्ये देवाच्या मृत्यूची वार्ता दिली, ती शोकांतिकेच्या भाषेत. लागूंचा 'रिटायर' हा शब्द कचेरीतला आहे. निवृत्त होणाऱ्याने कधीकाळी सेवा बजावली होती, हे त्यात गृहीत असते. जो मुळातच नाही त्याला निवृत्त कसे करणार, हा आक्षेप म्हणूनच वरवरचा ठरतो. येथे निवृत्त होते ती माणसानेच घडवलेली एक कल्पना.

खरा पेच लागूंच्या रंगभूमीवर आहे. १९७० मध्ये रंगमंचावर आलेल्या 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट. सर्वस्व मुलांना देऊन तो बेघर होतो आणि विधात्याला जाब विचारतो. निवृत्तीची ही दारुण बाजू ज्या नटाने साकारली, त्यानेच देवाला निवृत्त करावे हा योगायोग अर्थपूर्ण आहे. 'लमाण' (२००४) या आत्मकथनाच्या शीर्षकात याचे एक उत्तर सुचते: नट हा इकडचा माल तिकडे नेणारा, मालाशी त्याची सहमती असलीच पाहिजे असे नाही. परंतु हे उत्तर अपुरे आहे. बेलवलकराच्या आक्रोशाला विधाता हवा असतो, कारण दुःखाला श्रोता लागतो. प्रस्तावनेतील बुद्धिवादी युक्तिवाद या गरजेपाशी पुरेसा थांबत नाही.

ती जागा लागूंनी कृतीने भरली, असे म्हणता येईल. 'लग्नाची बेडी'च्या प्रयोगांतून सामाजिक कृतज्ञता निधी उभारताना आणि नरेंद्र दाभोलकरांसह जाहीर वादसंवाद करताना त्यांनी श्रोता म्हणून समाजालाच गृहीत धरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, तेव्हा या गृहीतकाची किंमत कळली. विधात्याला विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहतो. समाजाला विचारलेल्या प्रश्नाला गोळीनेही उत्तर मिळू शकते. लागूंच्या नास्तिक्याचे मूल्यमापन केवळ प्रस्तावनेवरून करणे म्हणूनच अपुरे ठरेल. बेलवलकराचा विधाता आणि लागूंचा प्रेक्षक यांच्यामधील अंतरात ते वाचावे लागेल.