पायथॉनची सी-विस्तार मॉड्यूल्स आणि कालबाह्य प्रात्यक्षिक टिपणे : एक परामर्श

वाहन उद्योगात नियंत्रक यंत्रणांसाठी सी भाषा रूढ आहे, तर चाचणीतील आकडेवारीच्या विश्लेषणासाठी पायथॉन सोयीची ठरते. या दोहोंना जोडणारे, सी भाषेत लिहून कंपाइल केलेले विस्तार मॉड्यूल हा विषय पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने केवळ परीक्षेपुरता नाही. तथापि ते बांधण्याची कृती सांगणारी जुनी टिपणे आज दिशाभूल करतात.

त्यांतील एक दोष उघड आहे. पायथॉन ३ मध्ये मॉड्यूल सुरू करणाऱ्या फंक्शनचे नाव व रचना दोन्ही बदलली. पायथॉन २ चा आधार तर १ जानेवारी २०२० रोजीच संपला. जुना कोड कंपाइल करताच त्रुटी दिसते, त्यामुळे हा दोष फार काळ लपत नाही.

‘डिस्टयुटिल्स’चे प्रकरण अधिक गंभीर आहे. पायथॉन ३.१० मध्ये, म्हणजे २०२१ साली, ते त्याज्य ठरविण्यात आले आणि ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीतून काढूनच टाकले गेले. परंतु ‘सेटअपटूल्स’ स्वतःजवळ त्याची एक प्रत बाळगते. परिणामी ज्या संगणकावर सेटअपटूल्स आहे तेथे जुनी ओळ निमूटपणे चालते. शेजारच्या संगणकावर नव्याने केलेल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ती अडते, कारण ३.१२ पासून तेथे सेटअपटूल्स आपोआप येत नाही. विद्यार्थी चूक स्वतःची समजतो, शिक्षक यंत्राची. टिपणावर संशय कोणी घेत नाही.

केवळ आयातीची ओळ बदलणे ही दुरुस्ती नव्हे. सेटअप फाइल थेट चालवून मॉड्यूल बसविण्याची पद्धतही त्याज्य ठरली आहे. बांधणीची साधने ‘पायप्रोजेक्ट’ फाइलमध्ये नोंदवून काम ‘पिप’कडे सोपवावे लागते. खुद्द पायथॉनच्या ३.१२ च्या अधिकृत दस्तऐवजानेही या बाबतीत वाचकाला सेटअपटूल्सच्या दस्तऐवजाकडे वळविले.

कारखान्यात रेखाचित्राची नवी आवृत्ती आली की जुनी काढून घेतली जाते. ठेवायचीच झाल्यास तिच्यावर बाद झाल्याची खूण हवी, अशी अट आयएसओ ९००१ च्या २००८ च्या आवृत्तीत होती. अशा कारखान्यांसाठी मनुष्यबळ घडविणाऱ्या वर्गातील टिपणावर मात्र पुष्कळदा आवृत्तीही नसते, तारीखही नसते. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ २००८ चाच कंपायलर हवा, हा त्यातील आग्रह पायथॉन २.७ पुरता खरा होता. ३.५ पासून २०१५ व त्यानंतरचे कंपायलर चालतात.