‘मागेल त्याला काम’ : एका अध्याहृत कर्त्याचा खर्च

रोजगार हमी योजनेवरील विवेचनात खर्चाचा चढउतार बहुधा पाऊस, पिके व बेकारांची संख्या यांवरून समजावून दिला जातो. हे स्पष्टीकरण खोटे नाही, अपुरे आहे. योजनेच्या घोषवाक्याचा अन्वय लावून पाहिला म्हणजे उणीव कोठे आहे ते दिसते. ‘मागेल त्याला काम’ या वाक्यात मागणारा आहे, काम आहे. देणारा अध्याहृत आहे. मागणीची नोंद करणाऱ्याला तर वाक्यात जागाच नाही.

महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्याने (तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला) देणारा कोण ते सांगितले. 1975 पासूनच्या व्यवसाय कराचे उत्पन्न योजनेकडे वळविले होते आणि राज्याने त्यात तेवढीच भर घालावयाची होती. शहरी पगारदाराच्या करातून खेड्यातील मजुरी, ही व्यवस्था निःसंशय दूरदर्शी होय. पण पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास द्यावयाचा बेकारभत्ता दिवसाला अवघा 1 रुपया ठेवला. शिवाय किमान 50 मजूर जमल्याखेरीज नवे काम काढावयाचे नाही, असा दंडक होता. ‘त्याला’ हे सर्वनाम एकवचनी. नियमाला मात्र अनेकवचनच कळत होते! वाडीवरच्या एकट्या विधवेची मागणी व्याकरणात बसली, तरी हजेरीपटात बसणे कठीण.

1988 मध्ये मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीस आणून जवळजवळ दुप्पट करण्यात आली. मजुरी वाढल्यावर मागणारे वाढावेत. प्रत्यक्षात हजेरी घटली. गरज एकाएकी ओसरली असे कोणी म्हणणार नाही. कामे हात राखून काढली जाऊ लागली, एवढाच त्याचा अर्थ.

केंद्राच्या 2005 च्या कायद्याने अर्जाची दिनांकित पावती सक्तीची केली आणि भत्ता पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चतुर्थांश, पुढे किमान निम्मा ठरविला. अकुशल मजुरी केंद्राने द्यावयाची, भत्ता राज्याने. भत्त्याचा भार टाळण्यासाठी राज्य काम देईल, असा त्यामागचा तर्क होता. परंतु तो टाळण्याचा याहून स्वस्त मार्ग कार्यालयात उपलब्ध होता: अर्ज घ्यावा, तारखेची पावती देऊ नये. पंधरा दिवस मोजावयाचे तर पहिला दिवस कागदावर हवा. खर्चाच्या तक्त्यांवरून मागणीचे अनुमान काढणाऱ्या प्रबंधांत हा दोष वारंवार आढळतो. तेथे ‘मागणी’ या शीर्षाखाली येतात ते नोंदलेल्या मागणीचे आकडे. पावतीवाचून परतलेल्या मजुरासाठी त्या तक्त्यांत रकाना नाही.