‘कालच’चे इंग्रजी काय?

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या कपाटात सहसा सापडणारे एक पुस्तक म्हणजे मायकेल स्वान आणि बर्नार्ड स्मिथ यांनी संपादित केलेले ‘लर्नर इंग्लिश’. केंब्रिजने ते १९८७ साली काढले. दुसरी आवृत्ती २००१ साली आली. कल्पना साधी आणि उत्तम आहे. शिकणारा कोठे अडखळणार हे त्याच्या मातृभाषेवरून बऱ्याच अंशी आधीच सांगता येते, म्हणून भाषावार प्रकरणे. स्पॅनिश आणि कॅटलन मिळून एक प्रकरण, ग्रीकांना एक, तुर्कांना एक. आपण मराठी माणसे कोठे? ‘दक्षिण आशियाई भाषा’ या मोठ्या मांडवाखाली, बंगाली आणि पंजाबी मंडळींच्या पंगतीत.

माझी तक्रार मानापमानाची नाही. स्पॅनिश बोलणारे जगात कोट्यवधी आहेत, त्यांना स्वतंत्र पाने मिळणे रास्तच आहे. तक्रार अशी, की अशा सामायिक मांडवात ‘अ’ आणि ‘द’ विसरण्यासारख्या सर्वांच्या अडचणी टिपल्या जातात आणि खास आपल्या अडचणी हातून निसटतात.

स्पॅनिश भाषकांसाठी लिहिलेली पाने मी थोड्या कुतूहलाने चाळली, तेव्हा गंमत वाटली. त्यांचे ‘मे गुस्ता’ म्हणजे हुबेहूब आपले ‘मला आवडते’. इंग्रजीत मात्र आवडणारी वस्तू बाजूला राहते आणि ‘आय’ पुढे येऊन बसतो. दहा वर्षांपासून येथे राहतो, हे त्यांच्याकडेही वर्तमानकाळातच सांगतात, त्यामुळे ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य बोगोटाचा माणूस आणि बार्शीचा माणूस जवळजवळ सारखेच बोलतो. ‘आलो’, ‘गेलो’ म्हटले की कर्ता क्रियापदातच कळतो, म्हणून सर्वनाम गाळण्याची सवय दोघांनाही. मात्र ‘द’ या शब्दावर आमची वाट फुटते. ते ‘लाइफ’च्या आधीही ‘द’ घालतात, कारण त्यांच्या भाषेत तो लागतो. आपण ‘द सन’मधलाही गाळतो, कारण आपल्याकडे तो मुळातच नाही. एकाच वर्गात बसलेल्या या दोघांना एकच धडा देणे म्हणजे तापाला आणि थंडीला एकच काढा.

आता ‘च’ घ्या. ‘मी कालच आलो’ यातल्या या एका अक्षराला इंग्रजीत शब्द नाही. तेथे हे काम आवाजाच्या जोराने, ‘जस्ट’ने किंवा वाक्याची रचना बदलून होते. आपण ‘ओन्ली’ लावतो आणि ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ म्हणतो. ‘त्याला सांगितले’ यातल्या ‘ला’मुळे ‘टोल्ड टू हिम’ होते, ‘विषयी’मुळे ‘डिस्कस अबाउट’ होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे मोठेपण येथे आहे. ती मराठी वाक्यापासून निघून इंग्रजी वाक्याकडे जाते. आपल्या आईवडिलांच्या पिढीला तिने विभक्तीचा प्रत्यय आणि इंग्रजी शब्दयोगी यांची सांगड घालून दिली. कान मात्र ती तयार करत नाही, आणि न्यूझीलंडमध्ये खरी परीक्षा कानाचीच असते. येथे ‘पेन’ ऐकू येते ‘पिन’सारखे, ‘सिक्स’ जवळजवळ ‘सक्स’ होते, ‘चेअर’ आणि ‘चिअर’ यांत पुष्कळांच्या तोंडी फरकच उरत नाही. पाठ्यपुस्तकांतला नमुना बहुधा ब्रिटिश नाहीतर अमेरिकन. त्यावर वाढलेल्या माणसाला येथला फार्मासिस्ट काय म्हणाला ते कळत नाही, आणि आपले इंग्रजीच कच्चे अशी तो समजूत करून घेतो. (माओरी शब्दांपुरते आपण आणि स्पॅनिश मंडळी सुदैवी. ते पाच स्वर आपल्या दोघांनाही घरचेच.)

शब्दांकडे वळू. शब्दसंपदेच्या अभ्यासात वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे नाव जगभर आहे, ते पॉल नेशन यांच्यामुळे. त्यांनी २००६ साली मांडलेला हिशेब असा: कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे, म्हणजे पन्नासातला फार तर एक शब्द अनोळखी असावा, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे हवीत, बोलणे समजायला सहा ते सात हजार. एक मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून एक कूळ. त्याच विद्यापीठाच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची विद्यापीठीय शब्दांची यादी ५७० कुळांची आहे. सुमारे ३५ लाख शब्दांच्या मजकुरातून ती काढली, आणि अशा मजकुराचा दहावा हिस्सा ती व्यापते. काम चोख आहे आणि विद्यार्थ्यांना त्याचा फायदा झाला आहे.

पण संगणकाशी रोज व्यवहार करणारा माणूस म्हणून एक शंका येते. संगणक अक्षरे मोजतो, अर्थ मोजत नाही. याउलट मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली काढलेल्या दोनेक हजार शब्दांच्या यादीत एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो तेही दिले होते. हे वेस्ट पूर्वी ढाक्यात बंगाली मुलांच्या इंग्रजीवर काम करत होते, हा योगायोग नसावा. नंतरच्या याद्या लांबरुंद झाल्या आणि तो रकाना गळाला.

त्या रकान्याची आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे. स्पॅनिश भाषकाला ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर, ओशाळलेली नव्हे, असा इशारा पहिल्याच आठवड्यात मिळतो. आपले फसवे शब्द इंग्रजीतूनच मराठीत आलेले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी कोणी सावध करत नाही. ‘हॉटेल’ म्हणजे आपल्याला मिसळ मिळण्याची जागा. येथे जुन्या गावातले ‘हॉटेल’ पुष्कळदा दारूचा गुत्ता असते. ‘डेअरी’त आपण दूध आणायला जातो, येथली डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान. ‘कॉलेज’ दहावीनंतरचे, येथे रँगिटोटो कॉलेज ही माध्यमिक शाळा आहे. ‘पास आउट’ झालो म्हटले तर ऐकणारा पाण्याचा ग्लास आणायला धावेल. ‘टी’ला या म्हणजे बरेचदा रात्रीच्या जेवणाला या, आणि ‘प्लेट’ आणा म्हणजे काहीतरी करून आणा.

आणि हा केवळ विनोदाचा विषय नाही. १९९५ साली या देशाने स्थलांतरितांच्या इंग्रजीची अट कडक केली. मुख्य अर्जदाराबरोबर येणाऱ्या सोळा वर्षांवरील माणसाचे इंग्रजी कमी पडले, तर २०,००० डॉलर अनामत ठेवावी लागे. १९९८ साली ती पद्धत गेली आणि आगाऊ शिकवणी विकत घेण्याची आली. एखाद्या कुटुंबाची सारी शिल्लक तेवढ्या पैशात जाई, आणि ते पैसे पत्नीच्या व्याकरणावर टांगलेले असत. मग त्या पत्नीला तिच्या भाषेच्या अंगाने शिकवणारे एखादे पान तरी असायला नको का?

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव व्याकरणातही नाही आणि यादीतही नाही. मराठीत सभ्यपणा क्रियापदात असतो. ‘एक कॉफी द्या’ यात ‘द्या’ म्हटले की मान दिला गेला. स्पॅनिशमध्ये ‘देमे’चे तेच. इंग्रजी क्रियापदात ती सोयच उरलेली नाही. तेथे आदर ‘कुड आय’, ‘वुड यू माइंड’ अशा वळणांतून द्यावा लागतो. घरात कोणालाही अरे-तुरे न करणारी आजी काउंटरवर ‘गिव्ह मी वन कॉफी’ म्हणते, आणि समोरच्या मुलीला ती उद्धट वाटते. आजीला तर आपण ‘द्या’च म्हटल्यासारखे वाटते. हा दोष कोणत्याही परीक्षेत गुण कापून दाखवत नाही, म्हणून तो दुरुस्तही होत नाही.

आपल्या मंडळाने मराठी भाषकांसाठी वीस पानांची पुस्तिका काढायचे ठरवले, तर पहिल्या पानावर मी ‘द्या’ घालीन, दुसऱ्यावर ‘च’, आणि ‘द’ला थोडा उशीर झाला तरी चालेल. ‘द’वाचून कॉफी मिळते.