मंगळावरचा शेजारी

परग्रहावरची साहसकथा म्हटली की सुशिक्षित वाचक नाक मुरडतो आणि ती मुलांच्या हाती सोपवून मोकळा होतो. एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाच्या मंगळकथांच्या वाट्याला हीच उपेक्षा आली. ती सर्वस्वी अन्यायाची नाही. परंतु सर्वस्वी न्याय्यही नाही.

अनेक धंद्यांत अपयशी ठरलेल्या बरोज यांनी वयाच्या पस्तिशीत लेखणी हाती घेतली. त्यांची पहिली कादंबरी १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली आणि १९१७ साली ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने ग्रंथरूप झाली. अशी मासिके लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापली जात. म्हणून त्यांतील साहित्याला ‘पल्प’ हे नाव पडले. या कथेमागे त्या काळचे खगोलशास्त्र होते. स्कियापरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाला १८७७ साली मंगळावर रेषा दिसल्या. त्याने योजलेल्या ‘चर’ अशा अर्थाच्या शब्दाचे इंग्रजीत ‘कालवे’ झाले, आणि पर्सिव्हल लोवेल यांनी त्यावर मरू घातलेल्या संस्कृतीचा सिद्धान्त उभारला. १९६५ साली मॅरिनर ४ यानाच्या छायाचित्रांत दिसली ती विवरांनी भरलेली ओसाड भूमी. शास्त्र खोटे ठरले. कथा मात्र उरली.

ती उरली, याचे श्रेय केवळ तलवारबाजीला देता येणार नाही. नायक जॉन कार्टर मंगळावर हिरव्या, सहा अवयवांच्या ‘थार्क’ जमातीच्या हाती सापडतो. त्यांची मुले अंड्यांतून जन्मतात आणि आईबाप कोण हे त्यांना कधीच कळत नाही. दुसऱ्याच्या वेदनेवर हसणे हाच तेथला विनोद. अशा जमातीत सोला नावाची एक तरुणी दयाळू आहे, कारण तिला तिची आई ठाऊक होती. त्या गुप्त मायेपायी आईला प्राण गमवावे लागले. कुटुंब मोडले की करुणा आटते, हे सत्य बरोज कोणताही उपदेश न करता सांगून जातात. कार्टर तेथल्या जनावरांना चाबकाऐवजी मायेने वश करतो, तो प्रसंगही याच जातीचा.

आणि इथेच कादंबरीचे मोठे वैगुण्य उघडे पडते. कार्टर हा गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्यातला कॅप्टन. ॲरिझोनातील अपाची लोक त्याच्या दृष्टीने केवळ रानटी शत्रू. मंगळावरच्या हिरव्या राक्षसात त्याला मित्र दिसतो; पृथ्वीवरच्या आदिवासीत माणूस दिसत नाही. दूरच्यावर प्रेम करणे सोपे असते. उंबऱ्यापाशी आलेला शेजारी जड जातो. पुढे १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वॉर चीफ’मध्ये बरोज यांनी अपाचींची बाजू सहानुभूतीने मांडली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

१९१३ साली क्रमशः आलेली ‘द गॉड्स ऑफ मार्स’ ही दुसरी कादंबरी आपल्याला अधिक अस्वस्थ करील. आयुष्याच्या अखेरीस मंगळवासी इस नदीतून स्वर्गाच्या यात्रेला निघतात. तेथे हिंस्र प्राणी त्यांची वाट पाहात असतात, आणि त्यांतून वाचलेले पुरोहितांचे गुलाम होतात. गंमत अशी की ते पुरोहितही दुसऱ्या कोणाकडून फसवले गेलेले असतात. धर्मगुरूने हे वाचून रागवावे, अशी कोणाची अपेक्षा असेल. मला राग आला नाही. कळपावरच पोसणाऱ्या मेंढपाळांना यहेज्केल संदेष्ट्याने याहून कठोर शब्द सुनावले आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. खोटी आशा मोडल्यावर त्या भाविकांनी कशाच्या आधारावर जगावे, आपल्या मृतांचा शोक कसा करावा, याचा विचार करायला कथा थांबत नाही. कार्टरपाशी उत्तर एकच, तलवार. आणि तिने पडलेल्यांसाठी कोणी अश्रू ढाळीत नाही.

म्हणून पालकहो, मुलाच्या हातात हे पुस्तक दिसले तर ते काढून घेऊ नका. वाचून झाल्यावर त्याला एवढेच विचारा : सोला दयाळू का झाली, आणि कार्टरला अपाचीत माणूस का दिसला नाही? या दोन प्रश्नांवर घरात चर्चा झाली, तर लगद्याच्या कागदावरची ती कथा सार्थकी लागली असे समजावे.