महिष आणि मानव : तैयब मेहता यांच्या ‘महिषासुर’ चित्रांचा एक विचार

मानव व पशू यांच्या संयुक्त प्रतिमेत पशुरूप हे केवळ दुष्टतेचे चिन्ह मानावे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. जळकोट ज्या तालुक्यात येते, त्या तुळजापूरची अष्टभुजा भवानी महिषासुरमर्दिनीच आहे. तिच्या हाती दैत्याची शेंडी आहे. महाबलीपुरम येथील सातव्या शतकातील शिल्पात मानवी धडावर रेड्याचे मस्तक आहे. दोन्ही ठिकाणी देवी कोण व दैत्य कोण, याविषयी संदेह उरत नाही. तैयब मेहता (१९२५–२००९) यांच्या १९९० च्या दशकातील ‘महिषासुर’ चित्रांत मात्र ही सीमारेषा पुसट होते. सपाट रंगक्षेत्रांत देवी व रेडा असे गुंतले आहेत की, कोणता अवयव कोणाचा हे चटकन ठरत नाही. मेहतांनी ‘कूडल’ (१९७०) या लघुपटासाठी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केले होते. जखडलेला बैल हा त्यांचा जुनाच विषय. त्या संदर्भात पाहता त्यांचा महिष वध्य असूनही वेदनाक्षम ठरतो. म्हणूनच या चित्रांकडे केवळ आधुनिक घाटाचा प्रयोग म्हणून पाहणे अपुरे आहे. विजयाच्या प्रतिमेत पराभूताची वेदना दृश्यमान करणे, हेच येथील मानव-पशू संयोगाचे खरे कार्य होय.