गंजलेले लोखंड आणि तळ्यातील पान

हैदराबादचे चित्रकार सूर्यप्रकाश (१९४०–२०१९) यांची चित्रे तेथील बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या भिंतींवर आहेत. अनेक वर्षे ते या संस्थेचे निवासी चित्रकार होते. एका वृद्ध भगिनीस डोळे दाखविण्याकरिता आम्ही तेथे गेलो असता त्यांच्या तळ्याच्या चित्रासमोर बराच वेळ बसण्याचा योग आला.

पाण्यावर गळालेली पाने तरंगत आहेत आणि त्याच पाण्यात झाडांचे प्रतिबिंब पडले आहे. कोणते पान मेलेले व कोणते अद्याप फांदीवर आहे हे चटकन उमगत नाही. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या जलकमळांचे स्मरण व्हावे असे ते पाणी आहे. धर्मगुरूच्या मनात येथे स्नानसंस्काराचा विचार आल्यावाचून राहत नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिताना स्नानसंस्काराचे पाणी हीच कबर मानली आहे.

परंतु चित्राला इतक्या घाईने ख्रिस्ती करून घेऊ नये, असे आम्हांस वाटते. पान कुजते, त्याची माती होते, झाडाला पुन्हा पालवी फुटते. मात्र तेच पान परत येत नाही. निसर्ग झाड राखतो, पान राखीत नाही. दफनविधीच्या प्रवचनात आपण वसंत ऋतूचा दाखला किती सहज देतो! (आम्हीही दिला आहे.) समोर बसलेल्या आईला नवी पालवी नको असते; तिला तिचाच मुलगा हवा असतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौलही बीजाचा दाखला देतो, परंतु नवे शरीर देणारा देव आहे हे तो विसरत नाही.

याच सूर्यप्रकाशांनी उमेदीच्या काळात भंगारात टाकलेल्या मोटारी रंगविल्या होत्या. चेपलेले पत्रे, उघडे पडलेले सांगाडे, सर्वत्र गंज. तळ्याची चित्रे अधिक मोहक आहेत यात शंका नाही. तथापि मरणाविषयी मोटारीच अधिक खरे बोलतात, असे आमचे मत आहे. लोखंडाला पालवी फुटत नाही. तेथे काही घडायचे तर ते बाहेरून, कोणीतरी दिल्यानेच घडेल. पवित्र शनिवारी शिष्यांपुढे जी कबर होती ती तळ्यासारखी नव्हती, या भंगारासारखी होती.

नेत्रसंस्थेतील त्या चित्राला आणखी एक संदर्भ आहे. तेथील नेत्रपेढीत मृतांच्या डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जतन केला जातो व तो अंधांना बसविला जातो. हे पुनरुत्थान नव्हे, आणि तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ही पालवीही नव्हे. कोणीतरी, बहुधा रडत असतानाच, होकार दिलेला असतो.

धर्मशिक्षकांना ही चित्रे वर्गात दाखवावयाची असल्यास मोटार आधी दाखवावी. तळे पुढच्या आठवड्यात दाखविले तरी चालेल.